भाऊजींचा आकडा

६ नोव्हेंबर

प्रिय ताई,

आधी निकाल, मग गप्पा. भाऊजी पास झाले. आता श्वास सोड आणि खुर्चीत टेकून वाच.

पत्र का, फोन का नाही, म्हणून कपाळाला आठ्या घालू नकोस. फोनवर तुझ्याशी बोलणं म्हणजे भाऊजींशी बोलणं. तू लगेच स्पीकर लावतेस, आणि ते शेजारी बसून घसा खाकरतात. काही गोष्टी त्यांच्यासमोर बोलता येत नाहीत. उदाहरणार्थ त्यांचं पोट.

तर काल सकाळी डेपोतले पन्नाशीच्या पुढचे सगळे ड्रायव्हर आमच्या हॉस्पिटलात आले होते. तळमजल्यावरच्या बाकावर ओळीने बसले होते, आणि मी दार उघडलं की प्रत्येक जण पोट आत घ्यायचा. दार लावलं की बाकावरून एकदम सुस्कारा ऐकू यायचा. भाऊजी इस्त्रीचा शर्ट घालून, केस चापूनचोपून बसवून आले होते, जणू फोटो काढायचाय. मी तिथे तंत्रज्ञ आहे हे त्यांनी अख्ख्या बाकाला सांगून ठेवलं होतं. ‘‘हा आमचा मेहुणा. आत सगळं हाच बघतो.’’ मी सगळं बघत नाही, दोन मशीनं बघतो, पण सासुरवाडीचा मान वाढत असेल तर आपण कशाला मध्ये पडा.

तू विचारलंस की ही नवी तपासणी कसली. सोपं आहे. हृदय रक्ताला धक्का देतं, त्या धक्क्याची एक लाट नळ्यांतून पुढे जाते. नळी मऊ असली की लाट रमतगमत जाते, ताठ झाली की सुसाट. ती लाट सेकंदाला किती मीटर पळते तो आकडा. दहाच्या आत असला की ठीक. दहाच्या वर गेला की हृदयाला, मेंदूला धोका जास्त. डेपोने यंदापासून ठरवलंय की ज्याचा आकडा दहाच्या वर, त्याच्या हातात बस द्यायची नाही. बाकावर एवढी पोटं आत गेली ती उगाच नाही.

दंडाला पट्टा बांधायचा, तो फुगतो, सुटतो, आणि पडद्यावर आकडा येतो. भाऊजींचा आला सात पूर्णांक आठ. मी वाचून दाखवला तर म्हणाले, ‘‘मार्क कमी पडले का रे?’’ यात कमी मार्कच चांगले, म्हटल्यावर त्यांनी बाहेर जाऊन बाकावरच्यांना चहा पाजला.

मशीन वयही विचारतं. मी कागदावरचं टाकलं. मास्तरांनी शाळेत नाव घालताना भाऊजींना पाच वर्षांनी लहान करून ठेवलंय, हे आपल्या घरात सगळ्यांना माहीत आहे, पण डेपोला नाही. सर्टिफिकेटावर कागदाशी जुळणारंच वय लागतं. ते एक सोड.

तू फोनवर एकच विचारलं होतंस, ‘‘त्यांना काही होणार नाही ना रे?’’ घे, लिहून देतो. काही होणार नाही. निर्धास्त झोप.

तुझा शहाणा

ता. क. भाऊजी निघण्याआधी मी त्यांना आणखी एका मशीनवर जरा निजवलं होतं. माझ्या सरावासाठी, बाकी काही नाही. त्यांनी विषय काढला तर गोंधळू नकोस.

२४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. तीन पानांत मोहरीच्या दाण्याएवढ्या अक्षरात सगळ्यांची खुशाली, आणि शेवटी दोन वेळा खाली रेघ मारून, ‘ते दुसऱ्या मशीनचं काय ते नीट सांग.’ लहानपणी मी खोटं बोललो की तू माझे कान बघायचीस, लाल झालेत का. आता शाई बघून कळतं की काय तुला?

नीट सांगतो. पण भाऊजींना वाचून दाखवू नकोस.

त्या दिवशी सात पूर्णांक आठ आला आणि मला बरं वाटलं, हे खरं. पण सर्टिफिकेट छापताना ते खोटं वय डोळ्यांत खुपायला लागलं. म्हटलं, बघू तर खरं वय टाकून. भाऊजींना पुन्हा बसवलं, पट्टा फुगवला. आठ पूर्णांक सहा. पाच मिनिटांत नळ्या ताठ झाल्या का? मग मला खाज सुटली. मी वय टाकलं सत्तर. भाऊजी तेच, दंड तोच, पट्टा तोच. आकडा आला साडेअकरा! मग तीस टाकलं, तर आकडा कोवळ्या पोराचा. भाऊजी म्हणाले, ‘‘अरे, किती वेळा फुगवतोस, मी काय सायकलचा टायर आहे?’’

तुझ्या लक्षात आलं ना? ते मशीन लाट बघतं, पण आकडा काढतं तो बहुतेक वयावरून आणि रक्तदाबावरून. आपण त्याला वय सांगायचं, आणि त्याने तेच गणित करून आपल्याला मोठ्या रुबाबात परत सांगायचं. आमच्या मॅडम म्हणजे आमच्या विभागाच्या मोठ्या डॉक्टर. त्या याचाच अभ्यास करतायत, पट्ट्याच्या मशीनवर विश्वास किती ठेवायचा. त्यासाठी दुसरं मशीन आणलंय, पेनासारखं. ते मानेवर ठेवायचं, मग जांघेत ठेवायचं, छातीला तारा लावायच्या. मानेतून जांघेपर्यंत जायला लाटेला किती वेळ लागला ते मशीन सांगतं, आणि तेवढं अंतर आपण टेपने मोजायचं. अंतर भागिले वेळ. त्याला वयाशी देणंघेणं नाही. मी आणि आमची सिस्टर, दोघं वेगवेगळे मोजतो, एकमेकांचे आकडे बघायचे नाहीत असा नियम आहे.

ते वरच्या मजल्यावर आहे. त्याच्यावर भाऊजींना निजवलं. आकडा थोडा जास्त आला. दहाच्या आसपास म्हण. ते जिना चढून आले होते, चहा झाला होता, मी घाईत होतो. अशा वेळी थोडं इकडेतिकडे होतंच.

डेपोला पट्ट्याचाच आकडा लागतो. तोच मी दिला. मी काही खोटं लिहिलं नाही, ताई. मशीनने जे सांगितलं तेच छापलं.

हे वाक्य मी तीनदा खोडून लिहिलंय. तू शाई बघशीलच.

तुझा शहाणा

१३ डिसेंबर

ताई,

हे पत्र पोचेपर्यंत तुला सगळं कळलेलं असेल. तरी माझ्या तोंडून ऐक.

मागच्या रविवारी मी तुझ्याकडे जेवलो, तेव्हा सांगायला आलो होतो. तू दारातच माझ्या गालाला हात लावून ‘‘वाळलास’’ म्हणालीस, आणि माझी हिंमत गळाली. भाऊजी माझ्या ताटात वाढत होते. मी मुकाट्याने जेवलो, दोनदा मागून घेतलं, आणि त्यांच्याच बसने परत आलो.

त्यांनी मला त्यांच्या मागच्या सीटवर बसवलं. तिथून त्यांची मान दिसते. शर्टाच्या कॉलरच्या वर, कानाखाली, जिथे मी पेन ठेवलं होतं ती जागा. मी सगळा रस्ता ती जागा बघत बसलो. बस गच्च भरली होती. एक बाई उभी होती, कडेवरचं मूल झोपेत घरंगळत होतं. भाऊजींनी आरशात बघितलं, गाडी हळू केली, आणि ओरडले, ‘‘अहो, त्या बाईंना कोणी तरी बसायला द्या!’’ मीच उठून माझी जागा दिली. मग उभ्याने तीच मान बघत राहिलो. मग घाट लागला. समोरून ट्रक आला की मी दांडा असा घट्ट धरत होतो की हाताला वळ उठले.

मी तुला ‘दहाच्या आसपास’ लिहिलं होतं. आसपास नव्हता, ताई. अकरा पूर्णांक दोन. दुसऱ्यांदा घेतला तो अकरा. माझ्या खिशात ते दोन आकडे महिनाभर होते आणि त्या माणसाच्या पाठीमागे रोज साठ माणसं बसत होती.

सोमवारी सकाळी मी डेपोच्या डॉक्टरांना भेटलो आणि सांगून टाकलं. ते म्हणाले, ‘‘बरं झालं सांगितलंत. लिहून द्या.’’ मी लिहून दिलं. वयाचं नाही सांगितलं, तेवढं तरी नाही सांगितलं. बाहेर पडलो तेव्हा खरं सांगतो, मला हलकं वाटलं. वडाच्या झाडावरून सुखरूप उतरलेल्या पोरासारखा मी रस्त्याने चालत होतो.

आधी तुला सांगायला हवं होतं. निदान त्यांना तरी. घरी येऊन हिला सांगितलं, तर ही पोळपाट तसाच ठेवून माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, ‘‘तुम्ही ताईंच्या घरी जेवून आलात, आणि सांगितलं कुणाला, तर डेपोला?’’

मला भीती वाटत होती, की तुला सांगितलं तर तू नको म्हणशील, आणि मी ऐकेन. म्हणून तुझ्याकडे तोंड न दाखवता मी तिकडे गेलो. एवढंच आहे. याला कारण म्हणतात की पळवाट, ते तू ठरव.

तुझा भाऊ

५ जानेवारी

ताई,

तू फोनवर एकच वाक्य बोललीस आणि ठेवून दिलास. ‘‘तू माझा भाऊ आहेस की डेपोचा माणूस?’’ त्यानंतर मी रोज फोन करतोय. रिंग पूर्ण वाजते. तू घरीच असतेस हे मला माहीत आहे.

भाऊजींना कसं उतरवलं ते मला त्यांच्या कंडक्टरने सांगितलं. गाडी फलाटावर लागलेली, माणसं बसलेली. डेपोच्या साहेबाने येऊन खिडकीतून हात पुढे केला, किल्ली मागितली. भाऊजींना वाटलं गाडी बदलायचीय. त्यांनी विचारलं, ‘‘कुठली देताय?’’ साहेब म्हणाला, ‘‘कुठलीच नाही.’’ मागून एक प्रवासी ओरडला, ‘‘प्यायलेत का ओ?’’ भाऊजींनी सीटखालची पाण्याची बाटली आणि नॅपकिन घेतला आणि उतरले.

तो प्रवासी काय ओरडला ते लिहायचं नव्हतं. पण तुझ्यापासून लपवायचं असं आता माझ्याकडे काही ठेवायचं नाही.

परवा मी त्यांना भेटायला डेपोत गेलो. पार्सलच्या खोलीत बसवलंय त्यांना. एक टेबल, एक गोंदाची बाटली, आणि छतापर्यंत खोकी. मला बघून उठले, खुर्ची पुढे केली. माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. ‘‘ताई कशी आहे?’’ असं मी त्यांनाच विचारलं, इतका मी निर्लज्ज. म्हणाले, ‘‘बरी आहे. तू जेवलास का?’’ एक खोकं इकडचं तिकडे ठेवलं, मग परत तिकडचं इकडे.

तरी मी म्हणतो, ताई, मी चूक केली नाही. पद्धत चुकली, मान्य. तुझ्या पाया पडतो. पण अकरा आकडा असलेल्या माणसाने घाटात गाडी चालवू नये. उद्या त्यांना चक्कर आली असती, तर तू मलाच विचारलं असतंस, ‘‘तुला माहीत होतं ना?’’ रात्री अंथरुणावर पडलो की मी स्वतःला हेच सांगतो. आकडा आकडा आहे. मी नसता सांगितला म्हणून तो कमी झाला नसता.

फोन उचल गं. शिव्या द्यायला तरी उचल.

तुझा भाऊ

२८ जानेवारी

ताई,

कसं लिहू.

काल मॅडमनी मला आणि सिस्टरला केबिनमध्ये बोलावलं. अभ्यासातले आमचे दोघांचे आकडे त्यांनी शेजारी शेजारी मांडले होते. मॅडम चिडल्या की आवाज चढवत नाहीत, चष्मा काढून पुसतात. काल पुसत होत्या.

म्हणाल्या, ‘‘बारीक माणसांत तुमचे दोघांचे आकडे जुळतात. मग या जाड लोकांत तुमचा आकडा सिस्टरपेक्षा एवढा वर का?’’

मी म्हटलं, ‘‘सिस्टरचं पेन नीट बसत नसेल.’’ बघ, अजून खोड जात नाही.

सिस्टर म्हणाली, ‘‘माझं पेन बसतं हो. टेप कुठून नेता तुम्ही?’’

‘‘मानेपासून जांघेपर्यंत. सरळ.’’

‘‘दाखवा.’’

मी टेप काढली. खोलीत पोट असलेलं कोणी नव्हतं, तर मॅडमनी कपाटातली उशी काढली आणि सिस्टरच्या पोटावर धरली. मी टेप लावली. मानेपासून खाली, उशीवर चढून, उशीवरून उतरून, जांघेत. मग सिस्टरने तिची पट्टी आणली. बाळंतिणींच्या वॉर्डात तान्ह्या बाळांची लांबी मोजतात ना, दोन्ही टोकांना फळी असलेली, ती लाकडी पट्टी. ती तिने पोटाच्या वर हवेत आडवी धरली, एक फळी मानेशी, एक जांघेशी. अंतर सात सेंटिमीटरने कमी.

लाट पोटावरून जात नाही, ताई. ती आतून सरळ जाते. मी पोटाचा चढउतार लाटेच्या खात्यात मांडत होतो. अंतर जास्त, म्हणून वेग जास्त, म्हणून आकडा जास्त. मॅडम म्हणाल्या, ‘‘तुमचे आकडे रक्तवाहिन्यांबरोबर नाही, पोटाबरोबर वाढतायत.’’ दुसरी कुठली वेळ असती तर मी पोट धरून हसलो असतो.

शिकवताना हे सांगितलं होतं. सगळ्यांना सांगतात. मीही नव्या लोकांना सांगतो. पण टेप हातात असली की ती अंगावरून न्यायची सवय, शिंप्यासारखी, आणि घाईत कोण पट्टी शोधत बसणार.

मी भाऊजींचं गणित पुन्हा केलं. अकरा पूर्णांक दोन नव्हेच. दहाच्या जरासा वर. त्या दिवशीचा जिना, चहा, घाई धरली तर कदाचित दहाच्या आतही. कदाचित. ज्या आकड्यापायी मी त्यांना साठ माणसांसमोर उतरवलं, त्यात त्यांच्या पोटाचा वाटा होता, आणि त्या पोटावरून मी तुला पहिल्या पत्रात विनोद केला होता.

आज सकाळी डेपोच्या डॉक्टरांकडे गेलो. म्हटलं, माझं मोजमाप चुकलं होतं, ते पत्र परत द्या. त्यांनी खुर्ची मागे सारली. ‘‘म्हणजे ते फिट आहेत? तसं लिहून द्या, उद्यापासून गाडी देतो.’’ कागद माझ्यापुढे सरकवला, पेन उघडून ठेवलं. मी पेन घेतलं. एक ओळ लिहायची होती, आणि तुझ्या घरात पुन्हा दिवे लागले असते. हात पुढे जाईना. पट्ट्याने सांगितलेलं खोटं, मी सांगितलेलं चुकीचं, मग आता कशाच्या जोरावर लिहू? डॉक्टर म्हणाले, ‘‘काय हो, तुम्हीच तक्रार करता, तुम्हीच मागे घेता, आणि सहीला मागे सरता.’’ मी उठून आलो.

म्हणजे मी दोन्हीकडून तुझा गुन्हेगार. आधी तुला बरं वाटावं म्हणून चांगला आकडा दिला. मग मला बरं वाटावं म्हणून वाईट दिला. दोन्ही वेळा भाऊजींना कोणी विचारलंच नाही, की बाबा, तुझ्या अंगाचं आहे, तुझं काय म्हणणं?

हे सगळं मी त्यांना वेगळ्या पत्रात लिहिलंय, डेपोच्या पत्त्यावर. पुन्हा मोजायला या असं म्हटलंय. येणार नाहीत ते, कोण येईल? या वेळी तुझ्यामागून काही केलं असं नको, म्हणून तुला आधी सांगतो.

तुझा भाऊ

१० फेब्रुवारी

ताई,

भाऊजी काल आले. तुला बाजारात जातो म्हणून सांगून आले, हे त्यांनी मला सांगायला सांगितलंय. तेव्हा त्यांच्यावर ओरडू नकोस, ओरडायचं ते माझ्यावर ओरड.

मॅडमनी स्वतः उभं राहून सगळं करवून घेतलं. आधी त्यांना अर्धा तास नुसतं निजवून ठेवलं, चहा नाही, गप्पा नाहीत. मी बाहेर बसलो. मग सिस्टरने पेन लावलं, लाकडी पट्टी धरली. तान्ह्या बाळांची पट्टी आहे हे कळल्यावर भाऊजी म्हणाले, ‘‘लांबी वाढली का बघा जरा.’’ सिस्टर हसली. मी दाराबाहेर होतो, मला हसता येईना.

तीनदा घेतलं. पहिल्यांदा नऊ पूर्णांक सात. मग दहा पूर्णांक चार. मग दहा पूर्णांक एक. मॅडमनी कागद माझ्या हातात दिला. ‘‘तुमच्या घरचे आहेत. तुम्ही सांगा,’’ म्हणाल्या, आणि गेल्या.

भाऊजी कॉटवर बसून शर्टाची बटणं लावत होते.

‘‘पास की नापास?’’

ताई, मी त्या कागदाकडे बघत राहिलो. नऊ-सातवर बोट ठेवून पास म्हणता आलं असतं, दहा-चारवर ठेवून नापास. एकाच तासातले, एकाच माणसाचे, या वेळी कसलीही घाई नसताना घेतलेले आकडे. दहाची ती रेघ कुणीतरी मारायची म्हणून मारलेली असते. भाऊजी नेमके तिच्यावर उभे आहेत, आणि श्वास घेतला की कधी अलीकडे जातात, कधी पलीकडे.

मी म्हटलं, ‘‘मला माहीत नाही, भाऊजी.’’

त्यांचा हात बटणावर थांबला. ‘‘म्हणजे?’’

‘‘म्हणजे खरंच माहीत नाही. रक्तदाब वाढलेला आहे एवढं नक्की, त्याची गोळी मॅडम सुरू करतायत. पण गाडी चालवताना तुम्हाला काही होईल की नाही, हे यातून मला सांगता येत नाही. पहिल्या दिवशीही येत नव्हतं.’’

मग भाऊजी जे बोलले ते जसंच्या तसं लिहितो.

‘‘मग पहिल्या दिवशी एवढंच का नाही म्हणालास? मेकॅनिक मला म्हणतो ना, साहेब, ब्रेकचा मला नीट अंदाज येत नाहीये, तर मी गाडी जागेवरून हलवत नाही. कधी हलवली नाही. तू म्हणाला असतास, तर मी स्वतः गेलो असतो साहेबाकडे. म्हटलं असतं, गोळी लागू पडेपर्यंत मला गाडी देऊ नका. किल्ली मी टेबलावर ठेवली असती, अरे. मी.’’

मी खाली बघत होतो.

‘‘तू गाडी काढून घेतलीस त्याचं मला काही नाही. पण मला उतरवलं. सगळ्यांसमोर उतरवलं मला.’’ त्यांचा आवाज फाटला. तुझ्या लग्नापासून त्यांना ओळखतो, असा आवाज कधी ऐकला नव्हता. मी त्यांचे पाय धरले. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत, आणि उठ असंही म्हणाले नाहीत. मग जरा वेळाने माझ्या डोक्यावर हात ठेवला, पण आशीर्वादासारखा नाही, तोल सावरायला ठेवतात तसा, आणि कॉटवरून उतरले.

आज सकाळी ते स्वतः डेपोत गेले. डॉक्टरांना सांगितलं, गोळी सुरू आहे, सहा महिने गाडी नको, मग पुन्हा तपासा. खरं वयही सांगून टाकलं. त्याचं काय होईल ते होईल म्हणाले. मी सोबत येऊ का विचारलं, तर म्हणाले, ‘‘तू तुझ्या ताईला लिही. मी सांगितलं तर तिला वाटेल मी तुला पाठीशी घालतोय.’’

म्हणून लिहितोय.

मला माफ कर असं लिहिणार नाही, कारण मग तुला उत्तर द्यावं लागेल. फोनही करत नाही आता. पण तू एक गोष्ट विचारली होतीस, आणि तिचं मी दोनदा खोटं उत्तर दिलं. त्यांना काही होणार नाही, हे मला माहीत नव्हतं. त्यांना काही होणार, हेही माहीत नव्हतं. आजही माहीत नाही, ताई. कुणी ठामपणे सांगितलं, कितीही मोठ्या मशीनवर हात ठेवून सांगितलं, तरी विश्वास ठेवू नकोस. गोळी वेळेवर दे, त्यांच्याबरोबर संध्याकाळी चालायला जा, आणि ते नको म्हणाले तर माझं नाव सांगून भांड.

काल निघताना त्यांनी एक सांगितलं. म्हणाले, तू हल्ली रात्री उठतेस आणि त्यांच्या नाकापुढे हात धरून बघतेस, श्वास चालू आहे ना. तुला वाटतं ते झोपलेत. ते जागे असतात. तुझा हात आला की जरा मोठ्याने श्वास घेतात, तुला नीट लागावा म्हणून.

एवढं मात्र मला नक्की माहीत आहे.